पाणी कुठलं?

पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टरबाई नाव विचारत नसत, वय विचारत नसत. दुखतं कुठे, हेसुद्धा नंतर. डोक्यावरचा दिवा खाली ओढायच्या, दोन बोटांनी गाल बाजूला करायच्या आणि विचारायच्या, "पाणी कुठलं?"

तोंड उघडं ठेवलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. ते त्यांना नकोच असायचं. प्रश्न दातांना असायचा. थोडा वेळ न्याहाळून त्या स्वतःच सांगायच्या, "साताऱ्याकडचं. हो ना?" निम्म्या वेळा हे चुकायचं. चुकलं की त्या जास्त खूश व्हायच्या. "बघ, अजून शिकायचंय मला," म्हणायच्या आणि मग कामाला लागायच्या.

कोपरखैरण्यात एका पिठाच्या चक्कीवर, पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली चक्की सुरू झाली की वरची खुर्ची हलकीशी थरथरायची. नवा पेशंट दचकला की त्या म्हणायच्या, "टेन्शन नको घेऊ. खाली गहू, वर दात. दोघांचं मशीन एकदम चालू झालं एवढंच."

मूळच्या त्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, कोकणी मुसलमान घरातल्या. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम खारे शेंगदाणे. बाजारात हमाली करणारे साताऱ्याकडचे लोक त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्यांच्या नात्यातले, मोहल्ल्यातले आपा म्हणत. मी मॅडम म्हणायचो. त्या मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. ज्याचं जे पाणी, ते त्याचं नाव. "ए वाई, तोंड उघड." "मुरूड आली का? बसव तिला." इथेच जन्मलेली, धरणाच्या पाण्याची पोरं सगळी धरणवाली. "ही आमची धरणवाली, हिला इंजेक्शनला भीती वाटत नाही," असं म्हटलं की ती मुलगी खरोखर भ्यायची नाही.

मला त्या बोअरवेल म्हणायच्या. का, ते सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. तालुक्याच्या गावी एका गुरुजींच्या पडवीत राहून शिकलो. त्यांनी भाडं तर घेतलं नाहीच, वर दोन्ही वेळ जेवायला घातलं, ते उपकार माझ्यावर आहेत. रसायनशास्त्र घेऊन पदवी केली आणि तुर्भ्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला लागलो. करंजाड्यात भाड्याने राहायचो. तिथे आठवड्यातून कितीतरी वेळा टँकर यायचा, आणि पाणी तपासणारा माणूस बादली घेऊन रांगेत उभा राहायचा.

एके दिवशी दुपारी त्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. पिशवीत सरबताच्या काचेच्या बाटल्या, स्वच्छ धुतलेल्या, प्रत्येकीत पाणी. एकीत घराच्या टाकीचं, एकीत दवाखान्याच्या नळाचं. "यात फ्लोराइड किती आहे, ते सांगा."

मी म्हणालो, "मॅडम, या बाटल्या चालणार नाहीत. फ्लोराइडचं पाणी काचेत आणायचं नसतं. ते काचेशी गुंततं, आकडा खाली येतो. प्लास्टिकच्या बाटलीत आणा, काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून."

मला वाटलं, आता चिडतील. उन्हातून बाई एवढं वजन घेऊन आलेल्या. पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी बोलताना नेहमीप्रमाणे तोंडासमोर हात धरला होता. मी तेव्हा सगळ्यांशी असाच बोलायचो.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात काढ रे. मी दाताची डॉक्टर आहे, तुझी सासू नाही."

मी हात काढला. माझे दात तुम्ही पाहिलेले नाहीत, म्हणून सांगतो. त्यांच्यावर तपकिरी पट्टे आहेत, मध्येच खडूसारखे पांढरे डाग, कडा खरवडल्यासारख्या. घासून जात नाहीत. पुढे होऊन त्यांनी बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा प्रश्न मी ऐकला. "पाणी कुठलं?"

"बोअरवेलचं."

"लहानपणापासून?"

"हो."

"गावात सगळ्यांचे असेच?"

"आमच्या वयाच्या सगळ्यांचे."

त्यांनी मान हलवली. "तू घासत नाहीस म्हणून झालेले नाहीत हे. पाण्याने सही केलीय तुझ्यावर. सही कुणी लपवतं का?"

इतकी वर्षं मला लोकांनी तंबाखू सोडायला सांगितलं होतं. मी कधी खाल्ली नव्हती. कॉलेजात, मुलाखतीत, मुलगी बघायला गेलो तिथे, सगळीकडे तेच ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तंबाखूचं नाव न काढता खरं ओळखलं. दुसऱ्या आठवड्यात त्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आल्या. काठोकाठ भरलेल्या.

आमच्या गावाची गोष्ट त्यांनी हळूहळू माझ्याकडून काढून घेतली. दुष्काळात गावात बोअरवेल आली तेव्हा लोकांनी तिच्या दांड्याला हार घातला होता. पाणी गार, नितळ, चवीला गोड. त्यात जमिनीतूनच भरपूर फ्लोराइड येत होतं, हे कळायला आमची एक पिढी गेली. पोरांचे दात गेले, मोठ्यांची हाडं आखडली. माझ्या वडिलांची मान वळत नाही. कुणी बाजूने हाक मारली की ते अख्खे वळतात, दार उघडल्यासारखे. मी रसायनशास्त्र घेतलं ते दुसऱ्या कशासाठी नाही. वडिलांना काय झालंय, त्याचं नाव मला स्वतःच्या डोळ्यांनी यंत्रावर बघायचं होतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले. मग म्हणाल्या, "आता माझी गोष्ट ऐक, आणि रागावू नकोस. मला तेच पाण्यात घालायचंय."

मला वाटलं, थट्टा करतायत.

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी मला दवाखान्यात बोलावून बाकावर बसवलं आणि फक्त बघायला सांगितलं. एकामागून एक पोरं येत होती. हमालांची, दुकानदारांची, ऑफिसात जाणाऱ्यांचीही. दुधाचे दात मुळापर्यंत किडलेले, काळे खुंट. दिवसभर चहा-बिस्किट, चॉकलेट. एका मुलीचा गाल सुजून डोळा बंद झाला होता. तिची आई सांगत होती, पोर दोन दिवस जेवली नाही, घोट घेतला की ओरडते. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धरणाचं पाणी. पावसाचं, डोंगरावरून आलेलं. तुझ्या गावात जे जास्त झालं, ते इथे जवळपास नाहीच. थोडं असतं ना, तर दात जरा टणक झाले असते. खूप नको. चिमूटभर."

माझ्या वडिलांना वाकवणारी गोष्ट कुणाला कमीही पडू शकते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्या बाकावर बसेपर्यंत ते मला पटलेलं नव्हतं. पटलं तरी भीती गेली नाही. मी तसं त्यांना सांगितलं.

"भी की," त्या म्हणाल्या. "भिऊ नको असं मी म्हटलंय का?"

त्या खांदेश्वरला राहायच्या. त्यांच्या सोसायटीत अमेरिकेत बरीच वर्षं राहून आलेले एक इंजिनिअर होते. त्यांनीच कल्पना काढली: सोसायटीच्या टाकीला एक छोटा पंप बसवायचा, तो ठरलेलं फ्लोराइड थेंबाथेंबाने पाण्यात सोडेल. वरची परवानगी वगैरे पुढचं पुढे, आधी सोसायटीत ठराव होऊ दे. मॅडमना वाटलं, इतकी वर्षं आपण जे बोलतोय ते आता होणार. एका सोसायटीने केलं की शेजारची विचारते, तिचं बघून तिसरी. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता. टाकीचं पाणी दर आठवड्याला मला आणून द्यायच्या. "आधी आत काय आहे ते कळू दे, मग घालू," म्हणायच्या. मी मोजत होतो, आकडे त्यांना देत होतो.

ठरावाच्या सभेला त्यांनी मलाही बोलावलं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर युद्ध चाललेलं, त्यामुळे गणपतीच्या आरतीला नसते एवढी गर्दी.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोबाइल वर धरून उभे राहिले. "हे पाण्यात घातलं की माणसाचा मेंदू मंद होतो. माणूस विरोध करत नाही, सांगेल ते ऐकतो. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

मागच्या रांगेतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मग आमच्या फ्लॅटपासून सुरुवात करा."

हशा ओसरल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "लोक ऐकायला लागून मेंटेनन्स वेळेवर येणार असेल तर मी दोन्ही हात वर करतो."

"चेष्टा नका करू," बँकवाले म्हणाले. "मला न विचारता माझ्या पाण्यात औषध घालायचं? मी पेशंट आहे का तुमचा?"

हा प्रश्न मला बरोबर वाटला. मॅडमनीही मान डोलावली, ते मी पाहिलं.

इंजिनिअर म्हणाले, "अहो, तिकडे कितीतरी शहरांत घालतात. लोक पितात, जगतात. मुलांचे दात बघा तिकडच्या."

"तिकडचं तिकडे. इकडे आधी पाणी तर येऊ दे," कुणीतरी म्हणालं.

मग इंजिनिअरांनी हुकमाचं पान काढावं तसं मॅडमकडे हात केला. "आता डॉक्टर बोलतील. त्यांच्याइतकं यातलं कुणाला कळतं?"

मॅडम उठल्या. खिशातले शेंगदाणे शेजारणीच्या हातात दिले. मला वाटलं, आता त्या मुलांच्या दातांचं सांगतील आणि सभा जिंकतील, कारण त्या बोलायला लागल्या की माणसं ऐकायची. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

कुणाला कळलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "आपलं? नळाचं. धरणाचं."

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात टँकर."

"टँकर कुठून भरतो?"

सेक्रेटरींनी खजिनदाराकडे पाहिलं, खजिनदाराने वॉचमनकडे. वॉचमन म्हणाला, "ते टँकरवाल्याला म्हाईत."

"मी विचारलं टँकरवाल्याला," मॅडम म्हणाल्या. "तो बोलला, जिथे मिळेल तिथून. हा मुलगा पाणी तपासतो, तो बसलाय तिकडे. नळाचं पाणी असतं त्या आठवड्यात आपल्या टाकीत फ्लोराइड नावालाच असतं. टँकर आला की कधी कमी, कधी जास्त. एकदा तर पाण्यात ते आधीच होतं, चांगलंच होतं. पंपाला डोळे नाहीत. तो तेवढंच सोडणार. आधीच्यावर आणखी."

"मग पंप चांगल्यातला घेऊ," इंजिनिअर म्हणाले. ते चकित झाले होते.

"पंप चांगलाच आहे. पाण्याचा पत्ता नाही." त्या सगळ्यांकडे वळल्या. "मला हे हवंय. या पार्किंगमध्ये माझ्याइतकं कुणालाच नको असेल, इतकं हवंय. पण ज्या पाण्याचं गाव मला माहीत नाही, त्यात मी काही घालणार नाही. आणि कुणी घालायला आलं तर टाकीवर जाऊन बसेन."

बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ पुष्कळांनी वाजवल्या. मॅडमनी हात वर केला.

"टाळ्या नकोत. तुमच्या मोबाइलमधलं खोटं मी खरं केलेलं नाही. मेंदूबिंदू मंद होत नाही चिमूटभराने. आणि तुमचा नातू माझ्याकडे येतो, भाऊ. त्याच्या चार दाढा मी भरल्यात. त्याचं काय करायचं, ते आपल्याला अजून सुचलेलं नाही. टाळ्या कसल्या वाजवताय?"

ठराव मताला गेलाच नाही.

तुम्हीही सभा पाहिल्या असतील. आपलं म्हणणं खरं करण्यासाठी माणसं किती ताणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी तोपर्यंत दुसऱ्याचं म्हणणं पाडणारी माणसं पाहिली होती. हातातोंडाशी आलेलं स्वतःचं म्हणणं, सगळे आपलं ऐकणार हे माहीत असताना, अनोळखी पाण्यासाठी पाडणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. आमच्या गावी बोअरवेलला हार घालताना असा एक प्रश्न विचारणारं कुणी असतं तर, हा विचार मनातून जाईना.

लोक पांगल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"आज माझंच मी पाडलं रे, बोअरवेल."

मी उठलो. पाणी आणून दिलं. त्यातला एक घोट त्यांनी घेतला. मग म्हणाल्या, "टाकी नाही जमली. आता एकेक तोंड."

"म्हणजे?"

"चूळ भरायची. शाळेत, आठवड्यातून एकदा. पाणी आपल्या हातातलं, माप आपलं. गिळायचं नाही, थुंकायचं. मोजायला तू."

"मॅडम, मला त्याची भीती वाटते. दुसरा कुणी..."

"भीती वाटते म्हणूनच तू. न भिणाऱ्याच्या हातात मी हे माप देणार नाही."

कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्या पेशंट होत्या, त्यांनी परवानगी मिळवून दिली. पालकांच्या सहीची चिठ्ठी मॅडमना नको होती. आई किंवा बाप स्वतः यायला हवा, बघायला हवा, विचारायला हवा. पहिल्या सभेला वर्ग भरला. मी मागे उभा होतो, तर मॅडमनी मला पुढे ओढलं.

"हा माणूस बघा. बोअरवेल, हस जरा."

मी हसलो नाही, नुसते दात दाखवले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हे कशानं झालं? मी तुमच्या पोरांना जे देणार आहे त्यानंच झालं. याच्या गावाच्या पाण्यात ते भरमसाट होतं, आणि हा ते वर्षानुवर्षं प्यायला. जास्त झालं की काय होतं, ते हे. अजिबात नसलं की काय होतं, ते तुमच्या पोरांच्या तोंडात आहे. मधलं माप हा मोजणार आहे. आता घरी जा, विचार करा, आणि पटलं तर या."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, मला दाखवल्यावर आता कोण येणार?"

"पळतील. पळून परत आलेलं माणूस मग टिकतं."

ती माणसं परत आली. सगळी नाही, पण आली. येताना प्रश्न घेऊन आली. बाजारात माथ्यावर पोती वाहणारे एक गृहस्थ टोपी हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टरबाई, आमी काय शिकल्यालं न्हाई. पर पोरांला फुडं जाऊन पोरं व्हतील का न्हाई, तेवडं सांगा."

"माझ्या बहिणीने आयुष्यभर याचीच पेस्ट लावली. पाच आहेत तिला. बोलावू?"

"नगं नगं," ते म्हणाले आणि खाली बसले.

"तुमच्या घरात पेस्ट कुठली?"

"आमच्यात मशेरी."

"मग आधी ती बंद करा, नंतर मला प्रश्न विचारा."

जुन्या गावठाणातली एक आगरी आजी नातवाला घेऊन आली होती. तिने कप हुंगून पाहिला. "आमचे लहानपनी इहिरीचं पानी व्हतं. त्यान कुनी काय नाय टाकलान. माजे दात बग, हायत का नाय?"

"हायत की, आजी. ऊस खाताय का अजून?"

"खातंय."

"आणि हा काय खातो?"

आजीने नातवाकडे पाहिलं. त्याच्या हातात क्रीमचं बिस्किट होतं. "बस मेल्या लायनीन," ती म्हणाली.

वार ठरला गुरुवार. दवाखाना त्या दिवशी सकाळी बंद असायचा, म्हणून मॅडमनी तो निवडला. नंतर लक्षात आलं की साताऱ्याकडच्या निम्म्या आयांना गुरुवारचा उपास. बायका घाबरल्या. पोरांबरोबर औषधाची चूळ भरून दाखवायची म्हणजे उपास मोडणार. मला वाटलं, वार बदलावा लागणार. मॅडम मात्र खूश झाल्या. "मोडेल कसा? गिळायचं नाहीच मुळी. तुम्हीच पुढे या."

पहिले काही गुरुवार नुसतं साधं पाणी होतं, थुंकायचा सराव म्हणून. त्या उपासवाल्या बायका पुढे उभ्या राहिल्या. एक थेंब घशाखाली जाईल तर शपथ. अशा निगुतीने त्यांनी चूळ धरली आणि शेवटच्या थेंबापर्यंत थुंकून टाकली की पोरं बघत राहिली. त्यांना बघून शिकलेल्या एकाही मुलाने पुढे कधी चूळ गिळली नाही. रमजानात मोहल्ल्यातल्या बायकांनी तेच काम घेतलं. मॅडम म्हणायच्या, "उपासवाली आणि रोजेवाली, यांच्यासारखं थुंकणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही."

खरं औषध सुरू झालं त्या गुरुवारी मी ते तीन वेळा मोजलं. मॅडमनी पहिला कप माझ्यापुढे धरला. "आधी तू. मग मी. मग पोरं."

त्यांच्या तीन आज्ञा होत्या. भरा, धरा, थुंका. मी भरलं आणि धरलं. माझ्या वडिलांची मान ज्याने अडकवली ते माझ्या तोंडात होतं, मोजलेलं, माझ्याच हातांनी मोजलेलं. समोर मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या, गाल फुगलेले. एक मिनिट संपलं आणि आम्ही दोघं थुंकलो. त्या म्हणाल्या, "वाचलास?" मी हसलो. समोर शंभर माणसं होती आणि माझा हात तोंडाकडे गेला नाही. हे माझ्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

ते एक मिनिट तुम्ही बघायला हवं होतं. शाळेचा अख्खा व्हरांडा भरून पोरं, गाल फुगवून उभी. आई-बाप, बाई, शिपाई, सगळ्यांच्या तोंडात चूळ. कुणी बोलू शकत नाही, भांडू शकत नाही. आदल्या क्षणापर्यंत फ्लोराइडवरून हमरीतुमरीवर आलेले दोन बाप शेजारी शेजारी गाल फुगवून एकमेकांकडे बघतायत. मी देवळात अशी शांतता पाहिलेली नाही.

एका गुरुवारी पहिलीतला एक मुलगा मिनिट संपलं तरी थुंकेना. डोळ्यांत पाणी, गाल तसेच. मॅडम वाकून विचारतायत, काय झालं? तो बोलणार कसा? त्याने बोट वर केलं. बेसिनवर पाटी होती, येथे थुंकू नये. नुकताच वाचायला शिकलेला होता. त्या दिवसापासून दर गुरुवारी शाळेत आल्या आल्या मॅडमचं पहिलं काम, ती पाटी भिंतीकडे तोंड करून लावायची. जाताना पुन्हा सरळ करायच्या.

माझे वडील एकदा गावाहून आले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. मॅडमनी त्यांना पाणी कुठलं हे विचारलं नाही. आपलं स्टूल उचललं, त्यांच्या बरोबर समोर ठेवलं आणि बसल्या. मग उठून कपाटाकडे गेल्या की परत येताना पुन्हा समोरच येऊन बोलायच्या, बाजूने एक शब्द नाही. वडिलांना त्या अख्ख्या तासात एकदाही वळावं लागलं नाही. परतताना ते म्हणाले, "बाई भल्ली चांगली हाय बे."

काही वर्षं गुरुवार चालले. पोरांचे नवे दात आले, आणि ते बरेचसे टिकले. सगळे टिकले असं मी म्हणणार नाही, मॅडमनी म्हणू दिलं नसतं. मग त्यांचे गुडघे गेले. दवाखाना आणि गुरुवार त्यांनी एका तरुण डॉक्टर मुलीच्या हाती दिले आणि त्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "माप सोडू नकोस, बोअरवेल. आणि भीतीही."

मागच्या हिवाळ्यात त्यांचा भाचा वाशीला कामाला आला तेव्हा एक पिशवी देऊन गेला. आत प्लास्टिकची बाटली, काठोकाठ भरलेली, बूच घट्ट, वरून चिकटपट्टी. त्यांच्या हाताचं लेबल होतं. पाणी कुठलं: माझं. घरामागची विहीर.

त्यांचा फोनही आला. "इथल्या शाळेतली पोरं बघितली. सुरू करू म्हणते. अख्खं गाव याच विहिरीचं पितं. आधी मोज. जास्त असेल तर स्पष्ट सांग, मला वाईट वाटणार नाही."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. नावालाच होतं. आता चूळ सुरू करायला हरकत नव्हती. मला लहान मुलासारखा आनंद झाला. सकाळी लगेच फोन लावला. भाच्याने उचलला. आपा पहाटेच्या नमाजाला उठल्या होत्या, वजूला, हात-तोंड धुऊन चूळ भरायला बसल्या आणि तिथेच गेल्या, तो म्हणाला.

मी आकडा सांगितला नाही. त्याला काय सांगणार?

तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतून बाटली धुवायची, असा आमच्याकडे नियम आहे. दिवसभर ती बाटली टेबलावर राहिली. सगळे घरी गेल्यावर मी माझा कप घेतला आणि त्यात पाणी ओतलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने हे करू नये, मला माहीत आहे.

भरलं. धरलं. समोरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. मिनिट संपलं. बेसिन पुढ्यातच होतं.

मी ते गिळलं.